डाव्या पिळाचा वेल

जुन्नर

"रानातल्या वेलांमागे हिंडतेस आणि इथे परसातला दोडका पाण्यावाचून वाळला," सासूबाई म्हणाल्या. मी थैली भरत होते. सासूबाईंचं बोलणं खोटं काढता येत नाही, ही माझी जुनी अडचण. दोडका खरंच वाळला होता.

मी जुन्नरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. नवऱ्याचं बाजारपेठेत कापडाचं दुकान. त्याचे पणजोबा राजस्थानातून गठ्ठे घेऊन आले आणि इथलेच झाले. आता आमच्या घरात मारवाडी बोलली जाते ती फक्त देवासमोर आणि भांडणात. पण खाण्यापिण्याचे नेम मात्र तसेच आहेत. जमिनीखाली वाढलेलं काही ताटात येत नाही. बटाटा नाही, कांदा नाही, रताळंसुद्धा नाही. आणि मी अभ्यासाला घेतले ते नेमके कंदाचे वेल. "खायचं नाही ते ओळखून काय करायचंय?" असं नवऱ्याने एकदा विचारलं, तेव्हा मी त्याला, तू दुकानात साड्या विकतोस, त्या नेसतोस का, असं विचारलं होतं. त्यानंतर त्याने तो विषय सोडला.

नव्वदच्या दशकातली, मोबाइल आमच्याकडे यायच्या आधीची ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या सगळ्या वेलांची नीट वर्गवारी करायची असं माझ्या डोक्यात बसलं होतं. वेलाला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही, म्हणून तो दुसऱ्याला धरून चढतो. आणि कसा धरतो, त्यावरून त्याचा गट ठरतो. दोडका बारीक तणावे सोडून धरतो. शिकेकाई आकड्यांनी अडकते. मिरवेल मुळांनी चिकटतो. मोरवेल तर पानाच्या देठानेच काडीला मिठी मारतो. आणि कितीतरी वेल यातलं काहीच करत नाहीत, स्वतःच आधाराभोवती पीळ घालत वर जातात. या पिळाच्या वेलांतही दोन जाती. झाडासमोर उभं राहावं. डोळ्यांसमोरचा वेढा वर जाताना आपल्या उजव्या हाताकडे गेला तर तो उजवा, डाव्या हाताकडे गेला तर डावा. झाडाला वळसा घालून पाहा, काठी उलटी धरून पाहा, डावा असेल तो डावाच राहतो. मला या गोष्टीचं लहान मुलासारखं नवल वाटतं, अजूनही.

कंदाच्या वेलांत हा पीळ फार कामाचा. तळेघरच्या पलीकडच्या रानात जो गोडा कंद लोक उकडून खातात, त्याचा वेल उजवीकडे चढतो. डावीकडे चढणाऱ्यांतही काही खाण्याजोगे आहेत, पण त्यांच्यातच एक तीन पानांचा काटेरी वेल आहे आणि त्याचा कंद विषारी. नुसता उकडून त्याचं विष जात नाही. आदल्या भाद्रपदात मी त्याच वेलांसाठी तिकडच्या एका वाडीवर राहिले होते. फळं वाळल्याशिवाय माझं काम पुरं होणार नव्हतं, आणि फळं वाळतात तेव्हा पान एकही उरत नाही. मग तोच वेल पुन्हा सापडायचा कसा? म्हणून दुकानातल्या लाल अस्तराच्या पट्ट्या फाडून मी त्या काटेरी वेलांना बांधून आले होते. ज्यांच्या घरी राहिले त्या जनाबाई हसल्या होत्या. "बाई, वेलांची लगीनं लावता व्हय?"

आता माघ संपत आला होता. फळं वाळली असणार. शिवरात्रीला येईन असं मी वाडीवर सांगूनच आले होते आणि जोडून सुट्टीही होती. सासूबाईंनी डब्यात पुऱ्या, लोणचं आणि मुगाचे पापड घातले आणि दोडक्याला पाणी घालायचं कबूल केलं. मी निघाले.

घोडेगाव ते तळेघर

एसटीत शिवरात्रीची गर्दी होती. भीमाशंकरच्या जादा गाड्या सुटत होत्या आणि त्याही भरून वाहत होत्या. कंडक्टरने माझ्या हातातली वर्तमानपत्रांची जाड चळत पाहिली. "रद्दी घिऊन देवाला चालल्या का बाई?" मी म्हटलं, यात पानंफुलं दाबून वाळवायची आहेत. "मग बेल आना येताना," तो म्हणाला आणि पुढच्याला तिकीट फाडायला गेला.

डिंभे धरणाच्या पाण्याशी रस्ता वळतो तिथपासून हवा बदलते. खाली आमच्या बाजूला ऊस, द्राक्षं, विहिरींचे पंप. इथे उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, तीही आता नुसती ढेकळांची. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ शिकेकाईचं रिकामं पोतं मांडीवर घेऊन बसले होते. विकून परत चालले होते. त्यांनी मला त्यांचे हात दाखवले. कोपरापर्यंत ओरखडे. "झाड देतं, पन ओरबाडून देतं," ते म्हणाले. मला हे वाक्य वर्गात सांगायला आवडलं असतं, पण मुलं ते उत्तरपत्रिकेत लिहितील या भीतीने आजवर सांगितलेलं नाही.

तळेघरला सासऱ्यांच्या ओळखीचे किराणा दुकानदार आहेत, त्यांच्याकडे मुक्काम केला. त्यांच्या पत्नी कांताबाई जेवायला वाढताना सारखं विचारत होत्या की, या वाळलेल्या रानात आता काय बघणार. मीही मजेत उत्तरं देत होते. त्या रात्री मला छान झोप लागली, हे मला पुढे कितीतरी दिवस खटकत राहिलं.

सकाळी मी निघायला उभी राहिले, तेव्हा कांताबाई साबुदाणा तोलत होत्या. कुठल्या वाडीवर चाललात, असं त्यांनी विचारलं. मी कोंडाजी आबांचं नाव घेतलं. आबा म्हणजे जनाबाईंचे यजमान.

"जनाबाई न्हाईत घरी. लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात," कांताबाई म्हणाल्या. "सून हाय. सुरेखा. पारगावची पोरगी, उसातली. काल मीठ न्यायला आली व्हती. लई हुशार निघाली बघा. पहिलीच शिवरात्र सासरची, तर एकटीनं रानात जाऊन पाटीभर कंद काढलाय उपासाला."

"तिने कसा ओळखला कंद?" मी विचारलं. "वेल तर सगळे वाळून गेलेत."

"सासूनं जाताना सांगून ठेवलंय की. इकडं पानं पिवळी पडायच्या आत वेलाला चिंधी बांधून ठेवत्यात. चिंधी दिसंल तिथं खनायचं."

मी थैलीचा बंद ओढत होते, तो तसाच हातात राहिला. मी भाद्रपदात आले होते. पानं हिरवीगार होती. माझ्यासमोर कोणी एकही चिंधी बांधली नव्हती. मी गेल्यावर जनाबाईंनी त्यांच्या बांधल्या असणार.

"कसली चिंधी? कुठल्या रंगाची?" मी विचारलं.

"आता ते मला काय ठाव बाई," कांताबाई म्हणाल्या. "असंल जुन्या धोतराची."

असेल, मी स्वतःला म्हटलं. जुन्या धोतराचीच असेल. पण पाय मात्र ऐकेनात. मी डबा तिथेच विसरले आणि रस्त्याला लागले.

वाडीची वाट

तळेघरहून वाडीला एसटी नाही. रस्ता सोडला की खाचरांच्या बांधांवरून जायचं, मग ओढा, मग कारवीचा चढ, मग वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, आणि वाडी. भाद्रपदात मी ही वाट रमतगमत केली होती. दर वळणावर थांबून वेल पाहायचा, काडी मोडायची, वास घ्यायचा. आता मला कोणी थांबायला सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर ओरडले असते.

आणि रान मात्र त्या दिवशी असं सजलं होतं की विचारू नका. उक्षी फुलली होती. अख्ख्या झाडांवर तिचे फिकट हिरवे घोस पसरले होते. चढावर शिकेकाईने माझी ओढणी धरली. आकडे मागे वळलेले असतात, पुढे ओढावं तसे ते जास्त रुततात. सोडवायचं तर दोन पावलं मागे जावं लागतं. हे मी दर वर्षी फळ्यावर चित्र काढून सांगते. त्या दिवशी मी ओढणी पुढेच ओढली. ती टर्रकन फाटली आणि अर्धी तिथेच राहिली.

ओढ्याच्या वर पहिला खड्डा दिसला. माती नांगरल्यासारखी विस्कटलेली, खुरांचे ठसे. रानडुकरांचं काम. बाजूच्या काडीला पांढरट चिंधी लोंबत होती, जुन्या धोतराची. मी तिथेच कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. जनाबाईंची खूण. वाळका वेल उजवीकडे चढलेला. म्हणजे गोडा कंद डुकरांनी खाल्ला. पुढे दुसरा खड्डा, तोही डुकरांचा, तिथेही पांढरी चिंधी. तिसराही तसाच. मग सुरेखाने पाटीभर कंद काढला कुठून?

उत्तर थोडं पुढे, करपलेल्या कारवीत मिळालं. हा खड्डा पहारीने खणलेला होता. कडा नीट, माती एका बाजूला लावून ठेवलेली. आत काही नव्हतं. आणि कडेच्या दगडावर, नीट घडी करून, वर खडा ठेवून, माझी लाल पट्टी होती. पुढच्या वर्षी कामाला येईल म्हणून तिने ती जपून ठेवली होती. काटकसरी पोरगी.

डुकरांनीसुद्धा त्याला तोंड लावलं नव्हतं. त्यांना कळलं, आणि आम्ही दोघी बायांनी मिळून ते घरात नेलं. एकीने खूण केली, दुसरीने खणलं. वेलांची वर्गवारी जनाबाईंनीही केली होती आणि मीही. त्यांची खाण्याची, माझी पिळाची. खूण मात्र एकच, चिंधीची. पुढे आणखी एक खड्डा दिसला, त्याच्या दगडावरही लाल घडी. मग मी खड्डे बघायचं सोडलं आणि पळत सुटले.

वाडी

कोंडाजी आबा अंगणात घायपाताच्या वाखाची दोरी वळत बसले होते. मी धापा टाकत समोर उभी राहिले. फाटकी ओढणी, हातावर रक्त.

"बाई? आवो, असं काय झालं? बसा, बसा. सुरेखा, पानी आन," आबा म्हणाले.

"कंद खाल्ला कोणी?" मी विचारलं.

"आजून कुटं? नैवद्य व्हायचाय. तुमच्यासाठी केळी आनून ठिवल्यात. तुमी कंद खात न्हाई, हे सांगून गेली हाय आमची मालकीन."

मी ओटीवर बसले. नैवेद्य व्हायचा होता. कोणी खाल्लं नव्हतं. आत चुलीपाशी वाफ येत होती. सुरेखा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सडपातळ, हिरव्या साडीतली, कॉलेजात समोरच्या बाकावर बसावी अशा वयाची. तिच्या मागोमाग आबांच्या चुलतभावजय हौसाकाकू आल्या. सासू घरी नाही, म्हणून नवी सून सोवळंओवळं नीट पाळते का, हे पाहायला त्या सकाळपासून बसल्या होत्या. सुरेखाचा नवरा पांडुरंग भीमाशंकरला दर्शनाला गेला होता.

मी सांगितलं. जमेल तितकं सरळ सांगितलं. तो कंद गोडा नाही, विषारी आहे, उकडूनही विष जात नाही. चिंध्या मी बांधल्या होत्या, माझ्या कामासाठी. सुरेखाचा यात दोष नाही.

हौसाकाकू सुरेखाकडे वळल्या. "मी म्हनलं व्हतं. पारगावच्या पोरीला रान काय कळतंय?"

आबा कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहत होते. "बाई, राग मानू नका. पन तुमी कंद जन्मात खाल्ला न्हाई. आमी हितं जलमल्यापासून खातोय. पोरीनं येवडं खनून आनलंय, ते टाकायचं कसं? उकडल्यावर कंद सगळा येकसारखाच दिसतो. हाच वाईट, हे तुमी कशावरनं म्हनता?"

प्रश्न रास्त होता. मी उठून आत चुलीपाशी गेले; दोरी हातात तशीच घेऊन आबा मागून आले, त्यांच्यामागे त्या दोघी. सोललेले, उकडलेले तुकडे पातेल्यात एकसारखे पांढरे दिसत होते. मग चुलीशेजारच्या सरपणाकडे लक्ष गेलं. सुरेखाने खणताना वाळका वेलही कारवीच्या काठीसकट मोडून जळणाला आणला होता. मी एक काठी उचलली. वेढे तिच्यावर तसेच घट्ट बसलेले होते आणि बुडाशी काटे होते.

मी काठी आबांच्या हातात दिली. "तुमच्या दोरीचा पीळ बघा आणि याचा बघा," मी म्हटलं.

आबांनी काठी डोळ्यांसमोर धरली. मग हातातली दोरी तिच्याशेजारी धरली. काठी उलटी केली, पुन्हा पाहिली. त्यांच्या हातांना पीळ ओळखायला माझी गरज नव्हती. "उलटा हाय," ते हळूच म्हणाले. "आपला गोडा येल जातो दोरीवानी हिकडं, ह्यो जातो तिकडं." त्यांनी अंगठ्याने काटा दाबून पाहिला. "आन् गोड्या कंदाला काटा नसतो." त्यांनी काठी खाली ठेवली. "सुरेखा, ते पातेलं बाहेर काड. कुत्र्यालासुदिक घालू नगंस. पुरून टाक."

झालं, असं मला वाटलं. पुरून टाकायचं आणि संपलं. मी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी पिता पिता माझं सुरेखाकडे लक्ष गेलं. ती पातेलं उचलायला वाकली होती, पण उचलत नव्हती. तिचा एक हात गळ्याशी होता. ती आवंढा गिळत होती, परत परत, आणि दर वेळी तिचे डोळे बारीक होत होते.

"सुरेखा, तू खाल्लंस?" मी विचारलं.

"न्हाई." तिने आधी हौसाकाकूंकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "नैवद्याच्या आदी कशी खाईन?"

देवाच्या नैवेद्याची कोणी चव घेत नाही. आमच्याकडेही घेत नाहीत; सासूबाई नैवेद्याच्या भाजीचं मीठ नुसत्या वासावरून ओळखतात. देवाच्या आधी तोंडात घातलं की ते उष्टं. पहिल्या शिवरात्रीला, चुलतसासूच्या देखत, नव्या सुनेने नैवेद्य उष्टा केला, हे ती कबूल कशी करणार? तिने पातेलं उचललं, दोन पावलं टाकली, आणि भिंतीला टेकली. तुकडे जमिनीवर सांडले.

मी हौसाकाकूंना म्हटलं, "काकू, तुम्ही बाहेर जा." त्या हलल्या नाहीत. मग मी माझ्या वर्गातल्या आवाजात म्हटलं, "बाहेर व्हा!" त्या अंगणात गेल्या. मी सुरेखाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. घाम थंड होता.

"हे बघ, देव रागवत नाही. मी पण रागवत नाही. पण तू आता खोटं बोललीस तर तू मरशील. किती खाल्लंस?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "शिजलं का बघाया... येक फोड. मग गळ्यात खवखवाया लागलं, म्हनून वाटलं कच्चं ऱ्हायलं. म्हनून परत थोड्या वेळानं... बाई, काकूला नका सांगू."

अंगणात हौसाकाकूंनी ऐकलंच होतं. "देवाच्या आदी तोंडात घातलं?" त्यांचा आवाज आला.

"हौसे, गप ऱ्हा!" आबा एवढ्या जोरात ओरडले की शेजारची माणसं धावत आली. "घोंगडी आना. वासा आना. पोरीला रस्त्याला न्यायचीय."

रस्ता

घोंगडीची झोळी करून ती वाशाला बांधली. वाडीतल्या दोघांनी खांदा दिला. मी बाजूने चालत होते, तिच्याशी बोलत, झोपू देत नव्हते. पारगावचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो, शाळा कुठे होती, उसात पहिल्यांदा पाणी कधी दिलं, जे सुचेल ते विचारत होते. ती आधी उत्तरं देत होती. मग शब्द जड झाले. मग ती नुसतं "हां" म्हणू लागली. ओढ्यात तिला उलटी झाली. बरं झालं असं मी म्हटलं आणि ओढ्याच्या पाण्याने तिचं तोंड पुसलं.

आबा अनवाणीच निघाले होते. निर्जळी उपास होता त्यांचा.

रस्त्यावर भीमाशंकरहून परतणाऱ्या जीपा एकामागून एक जात होत्या. पहिली थांबली नाही. दुसरीतल्या लोकांनी हात हलवला, जागा नाही म्हणून. तिसरीच्या पुढे आबा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, हात जोडून. ड्रायव्हर शिव्या देत थांबला आणि मग झोळी पाहून गप्प झाला. आतले सगळे खाली उतरले. कोणीतरी म्हणालं, "आमी येतो मागनं चालत, तुमी व्हा फुडं, पावणं." ती माणसं कोण होती, कुठली होती, मला आजही माहीत नाही.

घोडेगावच्या वाटेवर सुरेखाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिचे हात मधूनच झटका देत होते. डिंभ्याचं पाणी उन्हात चमकत होतं, आदल्या दिवशी मी त्याच पाण्याकडे बघत पुऱ्या खाल्ल्या होत्या. मला देवाचं नाव आठवेना. आमच्याही नाही आणि त्यांच्याही नाही. मी फक्त त्या वेलाची माहिती मनात घोकत होते. पानं तीन, खोडाला काटे, पीळ डावा. जणू नीट पाठ म्हटलं की पुढचं नीट होणार होतं.

घोडेगाव

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं आणि मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. पोट धुतलं, सलाइन लावलं, कसली तरी सुई दिली. मग म्हणाले, "कळून आणलंत हे बरं केलंत. आता वाट बघायची."

आम्ही वाट पाहिली. बाकावर आबा आणि मी. ऊन भिंतीवरून उतरत गेलं. मी त्यांना म्हटलं, आबा, निदान पाणी घ्या. त्यांनी मान हलवली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी तिला म्हनलं व्हतं, पोरी, येवड्या लांब जाऊ नगंस. तर म्हनली, आबा, सासूबाई न्हाईत तर सन अडला असं कुनी म्हनू नये."

मला रडू आलं. मी रडले. त्या बाकावर, लोकांसमोर, कशाचीही पर्वा न करता.

दिवेलागणीला नर्स बाहेर आली. शुद्धीवर आहे, बोलतेय, एकेकाने आत जा. आबांनी मला पुढे केलं.

सुरेखा खोल गेलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. "लई दमवलं तुमाला," ती म्हणाली.

"त्या चिंध्या मी सगळ्या काढून टाकणार आहे," मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला. "काडू नका, बाई. वाडीत समद्यांना सांगायचं, लाल दिसलं तर हात लावायचा न्हाई. दुकानात आजून आसंल कापड?"

पुन्हा वाडीवर

भाद्रपदात मी लाल अस्तराचा गठ्ठाच घेऊन गेले. सासूबाईंनी स्वतः पट्ट्या फाडून दिल्या होत्या. जनाबाई, सुरेखा आणि मी रानभर हिंडलो. मी पान आणि काटा दाखवायचे, जनाबाई जागा दाखवायच्या, सुरेखा पीळ बघायची आणि गाठ मारायची. तिचा डोळा भराभर तयार झाला. पण वाडीतलं बोलणं थांबलं नव्हतं. हळदीकुंकवाला तिच्या हातची खिरापत बायका पदरात घेत आणि घरी नेऊन गुरांना घालत. हौसाकाकू तर तिच्या घरचं पाणीही पीत नव्हत्या. एक, विष शिजवलं म्हणून. दुसरं, देवाच्या आधी खाल्लं म्हणून. यातलं जास्त वाईट कुठलं, हे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं. सुरेखा हे सगळं हसत सांगायची आणि पुढच्या वेलाला गाठ मारायला वळायची.

पुढच्या शिवरात्रीला मी मुद्दाम गेले. या वेळी वाटेत थांबत गेले, उक्षी पाहिली, शिकेकाईने धरलं तेव्हा दोन पावलं मागे आले. लाल चिंध्या जागच्या जागी होत्या, ऊनपावसाने फिकटलेल्या, आणि त्यांच्या बुडाशी माती कोणी हलवलेली नव्हती.

कंद सुरेखानेच काढला होता. तिने काठ्यांवरचे वेल मोडून आणले होते आणि जळणात न घालता भिंतीशी ओळीने उभे करून ठेवले होते. सगळ्यांचा पीळ उजवा. वाडीतली बरीच माणसं ओटीवर आली होती, नैवेद्यासाठी म्हणून, पण खरं तर बघायला. हौसाकाकू दाराशी उभ्या होत्या. जनाबाईंनी पातेलं उतरवलं. सुरेखाने पानात कंदाच्या फोडी घेतल्या, वर बेल ठेवला आणि ती देवापुढे निघाली.

"थांब," कोंडाजी आबा म्हणाले.

आबा उठले, तिच्या हातातल्या पानावरचा बेल त्यांनी बाजूला केला.

"आदी तू चाख. शिजलंय का बघ. देव थांबंल जरा."

सुरेखाने त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, हौसाकाकूंकडे. तिने एक फोड उचलली, तोंडात घातली, सावकाश चावली आणि गिळली. मग ती म्हणाली, "मीठ कमी हाय."

हौसाकाकू दारातून आत आल्या, फळीवरची मिठाची बरणी काढली आणि तिच्या हातात दिली.